चमचाभर पाणी

"रामकिसनभाऊ, खरं सांगा, भजी तळता का हो यात?"

फारूखने कॅनच्या तोंडात नरसाळं धरलं होतं आणि गाड्यांतून काढलेलं जळकं ऑइल त्यात ओतत होता. रामकिसन उकिडवा बसून कॅन धरून होता. एरवी फारूखच्या गॅरेजवर आला की तोही चार शब्द ऐकवायचा, पण आज त्याचं लक्ष ऑइलच्या धारेकडे होतं.

"शेगडी करायचीय," तो म्हणाला.

"जळक्या ऑइलवर?"

"व्हय. खाली ब्रेक ड्रम ठेवायचा, वरून थेंब थेंब सोडायचं. एकदा का ड्रम तापला की लई गरम होतं. वर्कशॉपात थंडीला करायचो आम्ही."

"वर्कशॉपची गोष्ट येगळी हाये भाऊ. तिथं चारी बाजूंनी हवा. घरात पेटवाल तं काळेठिक्कर होऊन बसाल दोघं मियाबीवी."

"धुराडं काढणारे मी बाहेर."

"अन् त्यापरीस दार लावून घ्या ना सरळ. आडनावच हिवराळे तुमचं. आधीच नावात हिव, वरून दार सताड उघडं. मग काय होईल?" फारूख हसला आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं. त्याने नरसाळं बाजूला ठेवलं. "भाभी अजून बसते का दारात?"

"बसती."

फारूख उठला. आत जाऊन त्याने अजून एक कॅन आणला. तो पावसाळ्यापासून पत्र्याच्या गळतीखाली पडून होता. "हा बी न्या. पाणी गेलंय जरासं त्यात, गाळून घ्या," तो म्हणाला. कॅन त्याने स्वतः रामकिसनच्या स्कूटरला बांधून दिले आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

रामकिसन हिवराळे हा एसटीच्या वर्कशॉपमधला निवृत्त फिटर. सगळी नोकरी ब्रेकच्या कामात गेली. माणूस तसा गरीब, पण यंत्राच्या बाबतीत भारी तिरसट. कुठल्याही मशीनचा चुकीचा आवाज त्याला सहन व्हायचा नाही. लोकांच्या लग्नात जेवायला बसला आणि वरचा पंखा खडखडत असला, तर हा पानावरून उठणार आणि स्टूल शोधणार. लीलाबाई तेव्हा तोंडावर पदर घ्यायची. "सासरच्या माणसांत तरी पाना खिशात आणू नका," असं तिने कितीदा सांगितलं, पण पाना खिशातच राहिला.

घर चिकलठाण्याच्या मागच्या अंगाला. पलीकडे विमानतळाचा मोकळा माळ. डिसेंबर लागला की त्या माळावरून जो वारा सुटतो, तो थेट यांच्या घरात शिरतो. कारण दिवेलागणीपासून यांचं दार उघडं असतं आणि उंबऱ्याशी लीलाबाई बसलेली असते. गेल्या थंडीत तिला न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी रामकिसनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना गारठ्यात बसू देऊ नका, पुन्हा असं झालं तर छाती साथ देणार नाही. रामकिसनने मान डोलावली. डॉक्टरांना दाराचं काय सांगणार?

दाराची गोष्ट अशी की भूषण सेकंड शिफ्टला गेलेला होता.

भूषण, म्हणजे बुद्धभूषण, हा त्यांचा मुलगा. शेंद्र्याच्या एका कंपनीत होता. सेकंड शिफ्टला निघताना तो बुटाची लेस बांधत म्हणायचा, "येतो आई. दार लोटून घे, लावू नको." रात्री उशिरा परतल्यावर आईला उठवायला नको, म्हणून. आणि 'येतो' म्हणायची सवय लीलाबाईनेच लावलेली. लहानपणी तो शाळेला निघताना 'जातो' म्हणाला, की ती त्याला फाटकातून परत बोलवायची आणि 'येतो' म्हटल्याशिवाय सोडायची नाही. पोराला उशीर झाला तरी चालेल, पण जातो म्हणायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो असाच 'येतो' म्हणून गेला आणि करमाडच्या अलीकडे, जालना रोडवर, मोटारसायकलच्या अपघातात गेला. लीलाबाईने ते सोसलं. कसं सोसलं ते विचारू नये, पण सोसलं. फोटोला हार घातला, पुण्यानुमोदनाला आलेल्या माणसांना स्वतःच्या हाताने वाढलं. विशाखाचं, म्हणजे मुलीचं, लग्न लावून तिला जालन्याला पाठवलं. मग हळूहळू तिला विसर पडायला लागला. आधी भाजीत मीठ, मग शेजारणींची नावं, मग घराची गल्ली. आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस तिने संध्याकाळी तिसरं ताट वाढून झाकून ठेवलं. भूषण तिच्यापुरता पुन्हा कामावर रुजू झाला होता.

रामकिसनने आधी तिला खरं सांगितलं. तिने ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं आणि जमिनीवर कपाळ आपटून रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट झाकलं. त्याने पुन्हा सांगितलं, पुन्हा तोच आकांत. त्यानंतर त्याने सांगणं सोडलं. भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढून पेटीत कपड्यांच्या तळाशी ठेवला. पहाटे उठून झाकलेल्या ताटातली भाकरी तो स्वतः खाऊ लागला. रिकामं ताट बघून लीलाबाई म्हणायची, "जेवला गं बाई पोरगा." 

दार लोटून घेतलेलंही तिला आताशा चालत नव्हतं. लोटलेलं दार त्याला लावलेलं वाटेल आणि तो आल्या पावली परत फिरेल, अशी भीती तिच्या मनाने घेतली होती. एकदा रामकिसनने कडी लावून वरून कुलूप घातलं. लीलाबाईने दोन्ही तळव्यांनी दार बडवलं, हातातल्या बांगड्या फुटल्या, मनगटं रक्ताने भरली. त्याने धावत जाऊन कुलूप काढलं. मग त्याने विजेचा हीटर आणला. त्याची ऊब उघड्या दाराने सरळ माळावर जायची आणि लीलाबाई त्याच्यावर भूषणचा टॉवेल वाळत घालायची. कोळशाची शेगडी ठेवून पाहिली, तर धुराने तिला खोकल्याची उबळ आली. दार लागणार नाही हे त्याने मान्य केलं. आता उघड्या दारातही घर तापवील अशी एकच गोष्ट त्याला माहीत होती आणि ती त्याने वर्कशॉपात पाहिली होती.

म्हणून शेगडी.

भंगारातून एसटीचा ब्रेक ड्रम, पातेल्यासारखा खोल आणि जाड बिडाचा, आणला, जुन्या एअर टाकीचं नळकांडं कापून त्यावर बसवलं. हवेसाठी नळकांड्याला ड्रिलने भोकं पाडली. पत्र्याचं धुराडं झरोक्यातून बाहेर काढून छपराच्या वर नेलं. ऑइलचा कॅन बाहेरच्या भिंतीवर उंच टांगला, त्यातून बारीक नळी आत आणली आणि नळीला कॉक बसवला. आठवडाभर अंगणात ग्राइंडरच्या ठिणग्या उडत होत्या. लीलाबाई पायरीवर बसून बघायची.

"काय करू राहिले?"

"शेगडी करतोय तुला."

"बरं झालं," ती म्हणायची. "लई गारठून येतो तो. गाडीवर वारा लागतो ना."

पहिल्या दिवशी घरभर काजळी झाली. दुसऱ्या दिवशी धुराड्याची उंची वाढवल्यावर धूर ओढला जाऊ लागला. तिसऱ्या दिवशी दिवे लागल्यावर त्याने डिझेलचा बोळा ड्रममध्ये टाकून पेटवला, ड्रम तापू दिला आणि कॉक अलगद सोडला. थेंब पडला, वाफ झाली, वाफेने पेट घेतला. नळकांडं हळूहळू लाल व्हायला लागलं आणि घरात ऊब पसरली. उघड्या दारातून वारा येत होता, पण उंबऱ्यापाशीच त्याची धार जात होती.

फक्त आवाज चुकत होता. फट्... फट् फट्... फट्. पावसात भिजलेल्या कॅनमधलं ऑइल त्याने गडबडीत नीट गाळलं नव्हतं. ऑइलसोबत पाण्याचा थेंब तापल्या ड्रमवर पडत होता आणि शेगडी मोटारसायकलसारखी फटफटत होती. रामकिसन चिडला. आपलं काम आणि असा आवाज. त्याने कॉक बंद करायला हात पुढे केला.

"आला," लीलाबाई म्हणाली.

ती भिंतीला धरून उठली. अंगणाकडे न बघताच तिने दार ओढून घेतलं. "गाडी लावू राहिला असंल. हातपाय धुऊ द्या त्याला." तिने झाकलेलं ताट उचलून शेगडीजवळ आणून ठेवलं, म्हणजे भाकरी गरम राहील. मग गोधडी अंगावर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. थोड्याच वेळात तिचा श्वास संथ झाला. कित्येक महिन्यांत ती अशी, कोणाची वाट न बघता, झोपली नव्हती.

रामकिसन कॉकवर हात ठेवून बसून राहिला. त्याने तो बंद केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं ऑइल जुन्या लुगड्याच्या चार पदरांतून गाळलं. सवयच ती. संध्याकाळी शेगडी अशी एकसारखी घुमू लागली की वर्कशॉपातल्या एखाद्या जुन्या सोबत्याला बोलावून ऐकवावी. रामकिसन खूश झाला. लीलाबाई मात्र उंबऱ्यावर बसून माळाकडे बघत होती. "अजून आला नाय," ती म्हणाली. शेगडीजवळ ये म्हटलं तर येईना. तिचे पाय बाहेर पायरीवर होते आणि गार पडले होते.

तेव्हा त्याला कळलं.

तो उठला. माठातलं चमचाभर पाणी घेतलं, बाहेर जाऊन कॅनमध्ये टाकलं आणि कॅन चांगला हलवला. आत येऊन बसतो न बसतो तोच शेगडी फटफटली. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या गाड्यांमधले असले आवाज बंद केले, त्याने स्वतःच्या हाताने हा आवाज घातला. लीलाबाईने मान वर केली. "आला," ती म्हणाली आणि उठली.

त्यानंतर रोज तसंच चाललं. दिवे लागले की शेगडी पेटायची, चमचाभर पाणी कॅनमध्ये जायचं, भूषण यायचा, दार लोटलं जायचं. कडी मात्र लावायची नाही, कारण शेगडीला हवा लागते. शेगडी रात्रभर पेटती ठेवायची नाही, ती झोपली की कॉक बंद. लीलाबाईची छाती त्या थंडीत एकदाही भरली नाही. आणि खरं सांगायचं तर दुपार कलली की रामकिसनही हातातलं काम उरकायला लागायचा. त्यालाही कोणीतरी यायचं असल्यासारखं.

रविवारी विशाखा जालन्याहून आली. तिने आईसाठी स्वेटर आणला होता. लीलाबाईने स्वेटर घालून घेतला, तिच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "कोणाची गं तू बाई? बस. चहा घे. माझा पोरगा येईल आता."

विशाखाने डोळे पुसले आणि चहा ठेवला. संध्याकाळी तिने सगळं पाहिलं. चमचा, कॅन, फटफट, 'आला' आणि लोटलेलं दार. आई झोपल्यावर ती बापापाशी येऊन बसली.

"बाबा, तुम्ही फसवू राहिले तिला."

"व्हय."

"अन् सोताला?"

रामकिसनने कॉक थोडा आवळला, पुन्हा थोडा सैल केला. काही गरज नव्हती.

"मी समोर बसलेली दिसत नाय तिला," विशाखा म्हणाली. "अन् जो नाय त्याची चाहूल लागती. मी काय करायचं सांगा ना बाबा. मी बी गाडीवर येऊ का फटफट करीत?"

"ताई, असं नको बोलू."

"मंग कसं बोलू?"

 त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला ऑइलचा वास होता. लहानपणी ती त्या वासाला नाक मुरडायची, आज तिने हात तसाच राहू दिला.

सकाळी निघताना विशाखा आईच्या पाया पडली. मनातून दुखावलेलीच होती. "जाते," एवढंच म्हणाली आणि वळली.

"ए बाई," लीलाबाईने हाक मारली. "इकडं ये. जाते म्हणू नाय. येते म्हण."

विशाखा पायरीवर थबकली. परत आली. "येते, आई."

"हां. ये."

रिक्षात बसेपर्यंत विशाखाने मागे वळून पाहिलं नाही. रामकिसनने तिची बॅग आत ठेवली आणि रिक्षावाल्याला हळू घे म्हणून सांगितलं.

जानेवारी संपत आला. थंडी अजून हटली नव्हती. एका संध्याकाळी फारूख स्वतः ऑइल घेऊन घरी आला, शेगडीसमोर बसून चहा प्याला आणि म्हणाला, "मान गये भाऊ. पण हा आवाज? तुमच्यासारख्या माणसाच्या शेगडीचा असा आवाज?" रामकिसन म्हणाला, असू द्या. फारूखने मान तिरकी करून जरा वेळ ऐकलं. भूषणची गाडी नेहमी त्याच्याच गॅरेजला असायची. त्याने कप खाली ठेवला आणि झाकून ठेवलेल्या ताटाकडे बघत राहिला. पुढच्या वेळी ऑइल आणलं तेव्हा आवाजाबद्दल तो काही बोलला नाही.

मग एका संध्याकाळी रामकिसन बाहेरून कॅनमध्ये पाणी टाकून आत आला, तेव्हा लीलाबाईने ताटं वाढली होती. दोनच होती. विसरली असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. तिचं विसरणं आता त्याच्या सरावाचं झालं होतं. तो शेगडीपाशी बसला आणि कॉक सोडला.

फट्. फट् फट्.

तो तिच्याकडे बघत होता. तिच्या कपाळावर आठी पडली.

"कसला हो आवाज हा?"

"गाडीचा," रामकिसन म्हणाला. "गाडी आली वाटतं."

"गाडी कुठली. शेगडी बिघडली तुमची." ती थोडी हसली, पूर्वी लग्नात पदराआड हसायची तशी. "नीट करा ना. तुम्हाला येतं की."

मग ती उठली. दाराशी जाऊन तिने दोन्ही फळ्या ओढल्या आणि कडी घातली. "लई गार येतंय," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

दोन वर्षं रामकिसनने या एका गोष्टीची वाट पाहिली होती. लीलाने आपणहून दार लावावं. आता कडी लागली होती, घर लगेच उबदार वाटायला लागलं होतं आणि त्याला ती कडी बघवत नव्हती. भूषण एकदा रस्त्यावर गेला, तेव्हा हिच्या रडण्यात त्याला आपलं रडू घालता आलं होतं. आज तो दुसऱ्यांदा गेला आणि हिला पत्ताही नव्हता. ही समोर बसून भाकरी मोडत होती.

"लीला," तो म्हणाला. "भूषण यायचाय अजून."

तिने वर पाहिलं. पाहुण्यांचं नाव विचारावं तसं तिने विचारलं, "कोण भूषण?"

रामकिसनने घास खाली ठेवला. उठला, दाराशी गेला आणि कडी काढली.

"अहो, कडी कशाला काढता? वारा येईल ना."

"शेगडीला हवा लागती," तो म्हणाला.  "दार लावलं तं धूर कोंडतो."

"असं व्हय." लीलाबाईला ते पटलं. ताटातली भाजी सारखी करत ती सहज म्हणाली, "मंग लोटून घ्या. लावू नका."

रामकिसन कडी धरून तसाच उभा राहिला. माणूस गेला होता, त्याचं नाव गेलं होतं, आणि त्याचं एवढं वाक्य तिच्या जिभेवर राहून गेलं होतं. तिला ते कोणाचं ते ठाऊक नव्हतं.

त्याने दार लोटून घेतलं.

लीलाबाई जेवली, तिने हात धुतले आणि गोधडी घेऊन पडली. तिला लगेच झोप लागली. कॅनमधलं पाणी संपत आलं तसा शेगडीचा आवाज बदलू लागला. फटफट विरळ झाली आणि थोड्या वेळाने शेगडी एकसारखी घुमू लागली. तिने सांगितलं होतं तशी, नीट. रामकिसन ते ऐकत बसला.

मग तो उठला. भाकरीच्या टोपल्यातून एक भाकरी काढून ताटात ठेवली आणि वर दुसरं ताट झाकलं. माठातलं चमचाभर पाणी घेऊन बाहेर गेला, कॅनमध्ये टाकलं, कॅन हलवला. आत आला तेव्हा शेगडी पुन्हा फटफटत होती. तो लीलाबाईच्या जागेवर, उंबऱ्याशी, दाराला पाठ लावून बसला.

"आलास का," तो म्हणाला.